तुरुंगातून सुटून आलेल्या पहिलवानाला दंगलीत जोड द्यायची का?

तापीकाठ (चोपडा तालुका)

राम राम मंडळी. यात्रेला दोन महिने उरलेत आणि दंगलीच्या, म्हणजे यात्रेतल्या कुस्त्यांच्या, बैठकीत एकाच मुद्द्यावर गाडी अडली आहे. गावचाच पहिलवान, वय तिशीच्या आत, एकेकाळी तालुक्यात नाव असलेला. बांधाच्या भांडणात त्याने शेजाऱ्याला लोखंडी पाइप मारला, हात मोडला. भादंवि ३२६ (घातक हत्याराने गंभीर दुखापत) खाली ३ वर्षं सक्तमजुरी आणि दंड. नाशिकरोडला शिक्षा भोगून तो दिवाळीच्या आधी घरी आला. आता त्याच्या मागण्या दोन. दंगलीत शेवटच्या, म्हणजे मानाच्या, पाच कुस्त्यांत जोड (प्रतिस्पर्धी ठरवून लावलेली लढत), आणि व्यायामशाळेत संध्याकाळच्या पोरांना शिकवायची परवानगी.

निम्मी समिती म्हणते, शिक्षा भोगली, विषय संपला. निम्मी म्हणते, आखाड्यात पाय ठेवू द्यायचा नाही. ज्याचा हात मोडला ते घर गावातच आहे, चार गल्ल्या सोडून. कायदा काय सांगतो, मोठ्या खेळांत अशांना कसं परत घेतात, आणि घ्यायचंच ठरलं तर कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी नेमकं सांगावं. ठरावात लिहिता येईल असं हवं.

कोर्टपायरी (जळगाव)

दादा, आधी ‘सुटला’ हा शब्द तपासा. गावात चार वेगळ्या गोष्टींना सुटला म्हणतात: जामिनावर आलेला, अपिलात शिक्षेला स्थगिती मिळालेला, संचित रजेवर म्हणजे फर्लोवर किंवा पॅरोलवर आलेला, आणि शिक्षा पूर्ण भोगून आलेला. पहिल्या तिघांवर अटी असतात. अमुक तालुक्यात जायचं नाही, दर रविवारी ठाण्यात हजेरी लावायची, फिर्यादी-साक्षीदारांच्या वाऱ्याला उभं राहायचं नाही. असा माणूस तुम्ही आखाड्यात उतरवला आणि फिर्यादी प्रेक्षकांत बसलेला असला, तर जामीन रद्द करण्याचा अर्ज दुसऱ्या दिवशी पडू शकतो.

म्हणून दोन कागद मागा. एक, कारागृहातून मिळालेला सुटकेचा दाखला. दोन, निकालपत्राची प्रमाणित नक्कल. निकालाचं शेवटचं पान नीट वाचा, खरा मजकूर तिथे असतो: दंड किती, न भरल्यास आणखी किती कैद, आणि दंडातून किंवा वेगळी भरपाई जखमीला द्यायला सांगितली आहे का. भरपाई बाकी असेल तर जोडीची चर्चा तिथेच थांबवा. ती आधी भरू द्या, पावती आणू द्या, मग पुढचं बोला.

३ वर्षं ही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या अधिकारातली कमाल शिक्षा. तुमचा निकाल त्यांच्या कोर्टातला असेल तर अपील सत्र न्यायालयात. निकालच सत्र न्यायालयाचा असेल तर अपील औरंगाबाद खंडपीठात. अपील चालू आहे का, हे ई-कोर्ट्सच्या ॲपवर पक्षकाराच्या नावाने आणि वर्षाने फुकट दिसतं. नाव शोधताना स्पेलिंग दोन-तीन प्रकारे टाका, नाहीतर ‘नोंद नाही’ दिसतं आणि लोक त्यावर विश्वास ठेवून बसतात. सोळा अक्षरी सीएनआर, म्हणजे खटल्याचा, क्रमांक निकालावरच असतो, तो टाकला की घोळ होत नाही.

तडीपारीचंही विचारा. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५५ ते ५७, जास्तीत जास्त दोन वर्षं. धुळे-नंदुरबारकडून बोलावलेल्या पहिलवानांनाही हे लागू. जळगाव जिल्ह्यातून तडीपार असलेला माणूस तुमच्या पत्रिकेवर छापला गेला, तर ती पत्रिकाच पुरावा ठरते.

‘पंचांनी मिटवलं होतं’ असं कोणी म्हणालं तर ते धरू नका. ३२६ तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं ११८(२) लागतं, तिथेही तेच.

आता मुख्य प्रश्न. शिक्षा झालेल्याने खेळू नये असा सरसकट कायदा देशात नाही. निवडणुकीला आहे: दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली तर सुटकेनंतरही सहा वर्षं उभं राहता येत नाही. खेळाडूचं सगळं त्या त्या संघटनेच्या नियमांवर चालतं, आणि गावच्या दंगलीत संघटना म्हणजे तुम्हीच. जोड लावायची की नाही हा तुमचा अधिकार. पण ‘त्याला गावात कोणी बोलवू नये, देवळात येऊ देऊ नये’ असलं काही ठरावात लिहू नका. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कुस्ती नाकारणं वेगळं, माणूस वाळीत टाकणं वेगळं.

निकाल एकदा लागला म्हणजे फाइल बंद, हेही गृहीत धरू नका. माजी क्रिकेटपटू नवज्योत सिद्धूंचं रस्त्यावरच्या मारहाणीचं प्रकरण डिसेंबर १९८८ चं. २००६ मध्ये हायकोर्टाने ३ वर्षं दिली, २००७ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धीलाच स्थगिती दिली म्हणून निवडणूक लढता आली, २०१८ मध्ये हजार रुपये दंडावर आलं, आणि मे २०२२ मध्ये पुनर्विचार याचिकेत एक वर्षाची कैद झाली. १ एप्रिल २०२३ ला ते बाहेर आले. चौतीस वर्षं.

माती आणि मॅट (धुळे)

कोर्टाची किल्ली वेगळी आणि खेळाची वेगळी, हे आधी डोक्यात पक्कं हवं. क्रिकेटपटू श्रीशांतला आयपीएलमधल्या फिक्सिंगच्या आरोपावरून मे २०१३ मध्ये अटक झाली, तिहारमध्ये ठेवलं. आपल्या महाराष्ट्राचा मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा) दिल्लीतही लागू आहे, तोही लावला. जुलै २०१५ मध्ये कोर्टाने आरोपमुक्त केलं. तरी क्रिकेट बोर्डाची आजन्म बंदी तशीच राहिली. मार्च २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने बोर्डाला शिक्षेच्या प्रमाणाचा फेरविचार करायला लावला, ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. तो केरळकडून परत खेळला तेव्हा वय ३७. म्हणजे कोर्टाने सोडलं तरी खेळ थांबवू शकतो, आणि कोर्टाने शिक्षा दिली तरी खेळ परत घेऊ शकतो.

परत घेताना पाहायचं एवढंच की गुन्ह्याने खेळालाच विष घातलं का. आपल्याकडे नुरा (आधीच निकाल ठरवलेली, खोटी) कुस्ती खेळणारा आणि बाहेर मारामारी करणारा, हे दोन वेगळे दोष आहेत. नुरा खेळणाऱ्याने तिकीट काढून आलेल्या प्रत्येकाला फसवलं. त्याला जोड देताना पुढच्या प्रत्येक कुस्तीवर संशय येतो. मारामारी करणाऱ्याच्या बाबतीत धोका आखाड्याच्या कडेला असतो: समोरचा पहिलवान, पंच, हरल्यावरची दहा मिनिटं.

क्रिकेटने पहिल्या प्रकाराचं काय केलं ते पाहा. लॉर्ड्स, ऑगस्ट २०१०. पाकिस्तानचे सलमान बट, मोहम्मद आसिफ, मोहम्मद आमिर ठरवून नो-बॉलच्या प्रकरणात सापडले. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने बटला ३० महिने, आसिफला १२, आमिरला ६ महिने कैद दिली. आयसीसीची बंदी त्याआधीच लागली होती, कमीत कमी पाच वर्षांची. आमिर गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांचा, त्याने कबुली दिली, भ्रष्टाचारविरोधी पथकाला सहकार्य केलं. म्हणून बंदी संपायच्या काही महिने आधी, जानेवारी २०१५ मध्ये, त्याला फक्त देशांतर्गत खेळायची मुभा मिळाली. पाकिस्तानच्या संघात तो जानेवारी २०१६ मध्ये आला. १८ जून २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी फायनलमध्ये रोहित, कोहली, धवन हे तिघं त्यानेच काढले, ते कोणी विसरलेलं नाही. बट आणि आसिफ देशांतर्गत खेळले, पाकिस्तानच्या संघात पुन्हा दिसले नाहीत. एकाच गुन्ह्यातले तिघं, पण परतीचं दार प्रत्येकाला सारखं उघडलं नाही. कप्तानाची जबाबदारी मोठी आणि अठरा वर्षांच्या पोराची लहान, हे त्यात आलं आणि ते बरोबरच आहे.

दुसऱ्या प्रकारात अमेरिकन फुटबॉलचा मायकल विक. कुत्र्यांच्या झुंजी लावायच्या धंद्यात २००७ मध्ये २३ महिन्यांची शिक्षा. जुलै २००९ मध्ये लीगने त्याला घेतलं ते सशर्त. आधी सराव, मग हंगामापूर्वीचे दोन सामने, मग काही आठवड्यांनी पूर्ण परवानगी. वर लक्ष ठेवायला टोनी डंगी हे जुने, मानाचे प्रशिक्षक. आणि प्राण्यांवरच्या क्रौर्याविरुद्ध त्याला शाळकरी पोरांसमोर बोलायला उभं राहावं लागलं.

उलट मुष्टियोद्धा माइक टायसन. बलात्काराच्या गुन्ह्यात १९९२ मध्ये सहा वर्षांची शिक्षा. २५ मार्च १९९५ ला बाहेर, १९ ऑगस्टला लास व्हेगासमध्ये लढत, ८९ सेकंदांत संपली. मधे कुठलीच पायरी नाही, फक्त तिकीटविक्री. जून १९९७ मध्ये होलीफील्डचा कान चावला, नेवाडा राज्याने लढतीचा परवाना काढून घेतला. फेब्रुवारी १९९९ मध्ये रस्त्यावरच्या मारहाणीसाठी परत तुरुंग. ताकद सगळी परत आली होती, पण राग तसाच होता.

तुमच्या पहिलवानाला विकच्या वाटेने न्या, टायसनच्या नाही. यंदा शेवटच्या पाचांत अजिबात नको. मधल्या फळीत एकच कुस्ती, तीही गुणांवर, तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मधे तीस सेकंद. निकाली कुस्ती (चितपट होईपर्यंतची) अर्धा-पाऊण तास रेंगाळते, दम तुटतो, हलगी वाजत असते, लोक ओरडत असतात, आणि हात कानशिलावर पडतो तो नेमका तेव्हाच. पंच बाहेरगावचा घ्या. जोडीदार फिर्यादीच्या भाऊबंदकीतला नको, वजनात तीन किलोच्या आतला हवा, आणि नवखा पोरगा तर नकोच.

पारोळेकर

एवढं सगळं लिहून झालं, ज्याचा हात मोडला त्याला कोणी विचारलं का? तो माणूस केळीबागेत काम करत असेल तर वीस-पंचवीस किलोचा घड आज त्याला खांद्यावर घेता येतो का, हे आधी पाहून या. हाडात प्लेट बसवलेला हात वर जातो, पण घड उचलून वळताना कोपरातून कळ येते आणि पकड सुटते. कापणीच्या दिवशी दुसरा मजूर लावावा लागतो. ही शिक्षा त्याला रोज चालू आहे आणि त्याने काहीही केलेलं नव्हतं.

विचारायला जाताना आरोपीला किंवा त्याच्या घरच्यांना नेऊ नका. समितीतले दोघं जा, त्यातली एक बाई असू द्या, कारण घरात खरं बोलतात ते बाईशी. दिवसा जा, पारावर नाही, त्यांच्या ओट्यावर बसा. ‘माफ करा’ असं म्हणायला लावू नका, कागदावर सही मागू नका. एवढंच विचारा: तो दंगलीत उतरला तर तुम्हाला त्रास आहे का, कसला? ‘आम्ही त्या दिवशी घराबाहेर पडणार नाही’ असं उत्तर आलं तर तोही नकारच समजा. दंगल सगळ्या गावाची आहे, एका पहिलवानासाठी जखमीच्या पोरांनी यात्रेला मुकायचं, हे चालणार नाही. अशा वेळी यंदा नकोच, पुढच्या वर्षी परत विचारा.

आणि होकार आला तरी सत्कार नाही. फेटा नाही, मिरवणूक नाही, चौकात फ्लेक्स नाही, बक्षीस पुढाऱ्याच्या हस्ते नाही. निवेदकाला आधीच लिहून द्या: नाव, गाव, वजन. ‘वाघ परत आला’ असलं एक वाक्य माइकवरून गेलं की त्या घराच्या जखमेवर मीठ पडतं. खेळायची संधी द्यायला हरकत नाही. मान मात्र मागून मिळत नाही.

लंगोट (भडगाव)

शरीराचं कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. दोन महिन्यांत तीन वर्षांचा खंड भरून निघत नाही, त्यामुळे शेवटच्या पाचांचा प्रश्न आपोआप मिटतो. बराकीत जोर-बैठका मारता येतात, त्यामुळे माणूस बाहेर आल्यावर अंगाने भरलेला दिसतो आणि तिथेच सगळे फसतात. मान, पंजाची पकड आणि समोरच्याच्या अंगाचा अंदाज, या तीन गोष्टी एकट्याने राखता येत नाहीत. स्नायू सहा आठवड्यांत परत येतात, पण कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे पट्टे) आणि सांध्याचे बंध मागे राहतात. खांदा आणि गुडघा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जातो तो याच फरकामुळे.

आखाड्यात पाय ठेवायच्या आधी तपासणी. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर थुंकी आणि छातीचा एक्स-रे, सरकारी दवाखान्यात फुकट होतं. गर्दीच्या बराकीत क्षयाचा धोका बाहेरपेक्षा जास्त असतो. हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन, काविळीचे बी आणि सी. मग कातडी: काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या, कमरेचा पट्टा उघडून पाहा. गजकर्ण किंवा खरूज घेऊन एक माणूस मातीत उतरला की पंधरा दिवसांत सगळी तालीम खाजवते. खरजेला ५ टक्के परमेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत रात्रभर, सात दिवसांनी परत, आणि लंगोट-चादरी त्याच दिवशी उकळत्या पाण्यात. गजकर्णाला निदान तीन दिवस औषध लागल्याशिवाय अंगाला अंग नको, आणि डाग गेला तरी मलम दोन आठवडे चालू.

मेहनत अशी. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, पंचवीसच्या चार फेऱ्या बैठका, दहाच्या पाच फेऱ्या जोर, वीस मिनिटं चालणं-पळणं. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा वाढवा, त्याहून जास्त नाही. जुना पहिलवान पहिल्याच दिवशी पाचशे बैठका मारून दाखवतो, ती सगळ्यात घातक चूक. स्नायू फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दगडासारख्या होतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी काळपट येते. असं दिसलं की घरगुती उपाय नको, थेट दवाखाना, रक्तात सीपीके (स्नायू फुटल्याची खूण) तपासायला सांगा. मानेचा पूल (डोकं टेकवून अंग कमानीसारखं उचलणं) पाचव्या आठवड्यापर्यंत बंद, तोवर हाताने डोक्याला रेटा द्यायचा. दोर चढणं चौथ्यापासून. सातव्या आठवड्यात हलक्या जोडीदाराबरोबर विरोध न करता डाव, नवव्यात दोन मिनिटांच्या तीन लढती. खरी कुस्ती बाराव्या आठवड्याच्या पुढे. यंदा उतरवायचंच झालं तर प्रदर्शनी, विरोधाशिवाय.

चैत्र संपता संपता आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून मेहनत पहाटे पाच ते सात, त्यानंतर नाही. मेहनतीआधी आणि नंतर वजन करा. किलोभर उतरलं तर दीड लिटर पाणी मीठ-साखर घालून हळूहळू. वजन उतरवायला आठवड्याला एक किलोपेक्षा जास्त घाई नको. लवकर तयार व्हायला इंजेक्शन सांगणारे भेटतील, त्यांना आखाड्याबाहेर काढा. एका चुकीतून उठलेला माणूस दुसऱ्या खड्ड्यात पडायला तेवढं पुरतं.

पोरांना शिकवण्याबद्दल: वर्षभर नाही. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५, २०१६ अशी सलग तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली, तेव्हापासून आपल्याकडे आईबाप विश्वासाने पोरं तालमीत पाठवतात. त्या विश्वासाला तडा जाऊ द्यायचा नाही. पहिले सहा महिने त्याने हौद खणावा, माती चाळावी, पाणी मारावं, मॅट पुसावी. पुढचे सहा महिने वस्तादाच्या समोर फक्त डाव दाखवावा, अंगाला हात न लावता. एकट्याकडे बॅच कधीच नाही, हातात काठी-दोरी नाही. रागाच्या भरात पोराला बडवणारा शिकवणारा बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ मध्ये सापडतो, तीन वर्षांपर्यंत कैद. गुन्हा मुलांवरचा किंवा लैंगिक असता तर मी ‘कधीच नाही’ म्हटलं असतं. तिथे सहा महिने-वर्ष असला हिशेबच नाही.

भुसावळ यार्ड

एक पुरवणी. पोलीस भरती, रेल्वे, खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण यासाठी जी पोरं तालमीत येतात त्यांना हे सांगा: साक्षांकन नमुन्यात (स्वतःवरचे गुन्हे लिहायच्या नोकरीच्या फॉर्ममध्ये) गुन्हा लपवू नका. अवतार सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये सांगितलं की खरं लिहिलं तर गुन्ह्याचं स्वरूप पाहून विचार होऊ शकतो, लपवलं तर त्या लपवण्यावरच नोकरी जाऊ शकते. बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या पोराची गोष्ट वेगळी, त्याला सहसा अपात्रता चिकटत नाही. पण फॉर्म भरण्याआधी वकिलाला दाखवा.

तापीकाठ (चोपडा तालुका)

सगळ्यांचे आभार. सुटकेचा दाखला आणि नक्कल मागवली आहे. जखमीच्या घरी रविवारी समितीतल्या ताई आणि एक जुने वस्ताद जाणार. एक शंका उरते. वर्षभर त्याच्यावर लक्ष कोण आणि कसं ठेवणार? पुढच्या वर्षी परत ‘मला वाटतं’वरच येऊ.

माती आणि मॅट (धुळे)

शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर अटी, खाली त्याची, वस्तादाची आणि समितीतल्या एकाची सही. पुढे रोज एक ओळ: तारीख, किती वाजता आला, काय काम केलं, कोणाशी शब्दाला शब्द लागला का. वस्तादाने लिहायचं, त्याने स्वतः नाही. महिन्याच्या शेवटी त्याला वाचून दाखवा आणि सही घ्या, म्हणजे वर्षाअखेर ‘हे माझ्या पाठीमागे लिहिलं’ असं म्हणता येणार नाही. वही व्यायामशाळेच्या कपाटातच राहू द्या. जखमीच्या घरच्यांनी पाहायला मागितली तर त्यांना दाखवा, हेही पहिल्याच पानावर लिहून ठेवा.